कोरडा कूलर

डिसेंबरात आमच्या घरी कूलर चालतो.
पाणी न टाकता. नुसता पंखा.
पाचपावलीतली माणसं शेकोटीला हात धरतात
आणि म्हणतात, पौनीकरचं डोकं फिरलं बाप्पा,
उन्हाळाभर लोकांचे कूलर केले
तर आता थंडीतही सुटत नाही त्याचं.

भैरवीला तो आवाज लागतो.
त्या घरघरीशिवाय तिचे हात थांबत नाहीत,
मान एकीकडे, डोळे दुसरीकडे,
रात्र तिसरीकडेच.

मार्चपासून मला फुरसत नसते.
मोटरचं वाइंडिंग, पंप, वाळ्याच्या ताट्या.
कुठं बिघडलंय ते हात लावला की कळतं.
सुरुवातीला तिलाही मी तसाच हात लावून पाहायचो.
हे ज्योत्स्नाला अजून सांगितलेलं नाही.

मेडिकलच्या खिडकीवर तिला टक्के मिळाले.
पंच्याहत्तर.
कागदाची घडी करताना ज्योत्स्ना म्हणाली,
मला दहावीत बावन्न होते.
आम्ही दोघं हसलो,
मग घाट रोडपर्यंत गाडीवर
कोणीच बोललं नाही.

लोक विचारतात, काय झालं जी हिले?
कोराडीला जाऊन आले का?
उत्तर यायच्या आत
आपल्या पोराचा हात घट्ट धरतात.

नंदनवनात एका शाळेची खोली
दुसऱ्या रविवारी आमच्यासाठी उघडते.
भिंतीवर बाराखडी, बुटके बाक,
मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली.
मी गेलो ते ज्योत्स्नानं ओढत नेलं म्हणून.
वाटलं होतं, रडारड असेल,
नाहीतर भाषण, आणि शेवटी टाळ्या.

खोब्रागडेबाई होत्या.
त्यांचा अजिंक्य एकतीस वर्षांचा,
दाढी अजून त्याच करून देतात.
त्यांनी नाव विचारलं, बाकी काही नाही.
मग म्हणाल्या,
हिला हसू कशानं येतं?

चार वर्षांत एवढी खोल्यांची दारं झाली,
एवढे टेबलामागचे चष्मे,
हे कोणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, माझ्या हातून पाना पडला की.
बाईंनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला
आणि फरशीवर टाकला.
भैरवी खिदळली.
उचलला, परत टाकला.
मग तिला मांडीवर घेतलं, मान कोपरात बसवली,
म्हणाल्या, जा, दोघं चहा पिऊन या.
गरम असतानाच प्या.

टपरीपाशी आम्ही उभे. चार हात,
चारही रिकामे,
त्यांचं काय करायचं कळेना.
ज्योत्स्ना उगाच ओढणी सारखी करत राहिली.
माझी जीभ पोळली.
बरं वाटलं.

परवा रात्री सव्वादोनला इम्तियाजचा फोन.
मोमिनपुऱ्याचा. एकदाच आलेला,
दाराजवळच्या बाकावर बसून निघून गेलेला.
रेहान तीन रात्री झोपला नव्हता.
भाई, कुछ तो बताओ.

सांगण्यासारखं माझ्याजवळ काय असणार?
दुकानात एक लहानसा कूलर पडून होता, पत्रा गंजलेला,
त्याचं बेअरिंग मी मुद्दामच बदललेलं नाही.
गाडीवर मागे दोरीनं आवळला.
गोळीबार चौकात पोलिसानं थांबवलं,
एवढ्या थंडीत कूलर?
झोपेचं औषध आहे साहेब, म्हटलं.
त्यानं माझं तोंड हुंगलं, आणि सोडलं.

पिन लावली. घरघर सुरू झाली.
रेहान काही झोपला नाही,
गरगर फिरणाऱ्या पात्याकडे पाहत राहिला.
झोपला तो इम्तियाज,
भिंतीला टेकून, चप्पल पायातच,
अर्ध्या वाक्यात.

त्याच्या बायकोला म्हटलं, तुम्हीही टेका थोडं.
तिनं पोराकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं,
ग्रीस नखांत तसंच होतं,
आणि पोरगं दिलं.

मान कोपरात बसवली.
खिशातला पाना पडू नये म्हणून
दुसऱ्या हातानं धरून बसलो.